चार खिडक्यांचं घर

“पाच खिडक्या, कमू. आधी मोज, मग सुरी लाव,” आई म्हणाली आणि पिठाच्या हातांनीच दारात गेली. दूधवाला केव्हाचा कडी वाजवत होता.

मोजायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आठवीत होते, गणितात वर्गात पहिली. समोर फळीवर तपकिरी पीठ लाटलेलं होतं आणि त्यातून पप्पांनी करून दिलेल्या पुठ्ठ्याच्या साच्यांनी भिंती कापून झाल्या होत्या. खिडकी पाडायची आमची रीत सोपी होती. रिकामी काड्यापेटी भिंतीवर ठेवायची, तिच्या कडेने सुरी फिरवायची आणि चौकोन अलगद उचलायचा. दाराच्या डावीकडे एक, उजवीकडे एक. बाजूच्या दोन भिंतींत एकेक. झाल्या चार. मागची भिंत उरली. तिच्यावर मी काड्यापेटी ठेवली, जराशी थांबले आणि उचलून घेतली. सुरी पुसून टाकली. कापलेल्या चार चौकोनांचं कच्चं पीठ तोंडात कोंबलं, भिंतींचे पत्रे फडक्याने झाकले आणि ते घेऊन परसातल्या दाराने थेट बेकरी गाठली. आई आत येईपर्यंत मी गल्लीच्या टोकाला पोचले होते.

साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर, गाव नगर. तेव्हा घरात भट्टी कुणाकडे होती? नाताळ आला की आमच्या ख्रिस्ती गल्लीतल्या बायका बेकरीच्या दारात नानकटाईचे पत्रे घेऊन नंबर लावायच्या. करंज्या, शेव, चकल्या तर सगळ्यांकडेच व्हायच्या. पण सुंठीचं घर, म्हणजे सुंठीच्या बिस्किटाच्या भिंतींचं खेळण्याएवढं घर, फक्त आम्हा भिंगारदिव्यांकडे. पप्पांची आई एका मिशनरी मडमेच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होती, तिथे ती हे शिकली. मडमेच्या कृतीत कसलासा काळा पाक होता. तो नगरात कुठून मिळणार? आजीने काकवी घातली. मडम आल्याची पूड विलायतेहून मागवायची, आजीने आपली सुंठ कुटली. अशी ती विलायती वस्तू आमच्या हाताखालून नगरी झाली.

एक नियम मात्र मडमेचा नव्हता, आजीचाच होता. घरात जितकी माणसं तितक्या खिडक्या. प्रत्येकाने आपापल्या खिडकीला आतून रंगीत जिलेटीन कागद चिकटवायचा. चोवीस तारखेच्या संध्याकाळी आत मेणबत्ती लावली की ज्याची त्याची खिडकी उजळायची. आजी वारली त्या वर्षी आईने एक खिडकी कमी पाडली, तेव्हा पप्पा ताटावरून उठून गेले. अमोस, माझा धाकटा भाऊ, जन्मला त्या वर्षी एक वाढली. आमच्याकडे ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती.

तर पप्पा, आई, मी, अमोस अशा चार. पाचवी खिडकी दीनाची.

दीना माझी बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. अमोसच्या वेळी आईला छातीचं दुखणं लागलं, डॉक्टर म्हणाले मुलांना जरा लांब ठेवा. माझी शाळा सुरू होती, अमोसला एक दाई सांभाळायची, राहिली चार वर्षांची दीना. पप्पांची बहीण, आमची सुवार्ताआत्या, सोलापूरला मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. लग्न केलेलं नव्हतं. ती आली आणि म्हणाली, “मी नेते हिला, चार महिने.” त्या चार महिन्यांची सहा वर्षं झाली. आई बरी झाली, पण दर जूनला काहीतरी आडवं यायचं. कधी दीनाची परीक्षा, कधी आत्याचं आजारपण, कधी आमची ओढाताण. दीना नाताळला दहा दिवस यायची आणि परत जायची.

आणि ते दहा दिवस, देवा रे! त्या दहा दिवसांत कमलिनी नावाची मुलगी या घरात आहे याची कुणाला शुद्ध नसायची. माझी वेणी आई दोन मिनिटांत घालायची, तीही ओढून. दीनाच्या डोक्याला तेल लावायला तिला तास पुरायचा नाही. पहिली करंजी दीनाला. मटणातली नळी दीनाला. दीना शिंकली तर हळदीचं दूध. मी तापाने फणफणले होते तेव्हा, “झोप जरा, उतरेल,” एवढंच. आणि दोन जानेवारीला गाडी सुटली की आई स्टेशनच्या बाकावर बसून पदर तोंडात धरून रडायची. वर्षभर जवळ राहणाऱ्या माझ्यासाठी ती कधी रडली नव्हती. रडायला मी कुठे गेलेच नव्हते ना!

खिडकीचंही तेच. दीनाची दाराशेजारी, कारण “पाहुण्यासारखी येते बिचारी, समोरून दिसायला हवी.” माझी मागच्या भिंतीत. घर ठेवायचे कपाटावर, भिंतीला लावून. मागची खिडकी कुणाला दिसणार? पालीला!

“तू मोठी ना, समजूतदार,” आई म्हणायची. ज्या पोराला समजूतदार म्हणतात त्याच्या ताटात कमी वाढायचं आधीच ठरलेलं असतं, हे मला सातव्या वर्षीच कळलं होतं.

त्या वर्षी डिसेंबर लागताच आत्याचं पत्र आलं. पप्पा ते आईला वाचून दाखवत होते आणि मी दाराआड कान देऊन उभी होते. आत्याची बदली लांब चांद्याकडे झाली होती. तिने लिहिलं होतं, “दादा, आता अर्धं अर्धं मला जमायचं नाही. दीनाला या जानेवारीत तुम्ही ठेवून घ्या, नाहीतर कायमची मला द्या. ती तुमची आहे. तुम्ही म्हणाल ते मी ऐकेन.”

पप्पांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, “आपण ठरवून पोरीवर लादायला नको. दहा वर्षांची आहे, तिलाच विचारू. नाताळच्या दिवशी, सगळ्यांसमोर.”

“ती घरी येईल,” आई म्हणाली. “माझी पोर आहे. येईलच.”

तिचा तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. इतका गोड आवाज आमच्या आईला आहे हेच मला माहीत नव्हतं. दहा दिवसांची दीना मी कशीबशी गिळत होते, आता बारा महिन्यांची दीना! माझ्या अंथरुणात, माझ्या शाळेत, आणि आई तर आधीच तिची. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ते असं. म्हणून बावीसच्या सकाळी मागच्या भिंतीवर ठेवलेली काड्यापेटी मी उचलून घेतली आणि दाराशेजारची जागा स्वतःला ठेवली. खिडकी पाडली नाही तर पुढे काय होईल, याचा मी काही विचार केला नव्हता. तिला या घरात जागा नाही एवढं तिला दिसलं पाहिजे, इतकंच माझ्या डोक्यात होतं.

बावीसच्या संध्याकाळी दीना आणि आत्या आल्या. आत्याने पांढरी साडी नेसली होती, हातात कापडी पिशवी. दीना दारातच थांबली आणि म्हणाली, “सलाम आई, सलाम पप्पा.” पाहुण्यांसारखी. आईने तिला ओढून छातीशी धरलं. मी अमोसची चड्डी सारखी करत बसले.

तेवीसला सकाळी भिंती बेकरीतून आल्या. आई आणि आत्या आत शेव तळत होत्या, पप्पा परसात अमोसला अंघोळ घालत होते. बाहेरच्या खोलीत टेबलावर मी भिंती मांडत होते. दीना हळूच माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

“ताई, हे बघ,” म्हणून तिने फ्रॉकच्या खिशातून एक घडी काढली. जिलेटीनचे कागद, पाच रंगांचे, खिडकीच्या मापाला नीट कापलेले. “सोलापुरात घेतले. पप्पांना हिरवा. आईला लाल. अमोसला पिवळा. मला निळा. आणि तुला हा जांभळा. दुकानात एवढा एकच तुकडा होता, दुसरी बाई मागत होती, मी दिला नाही.”

मी जांभळा कागद घेतला. फार सुरेख होता. तोच का सुरेख असावा, या विचारानेसुद्धा मला राग आला.

दीना एकेक भिंत बघत होती. “या वर्षी माझी कुठली? मागची का? चालेल की, दर वर्षी मीच पुढे असते.” मग तिने मागची भिंत उचलली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. “ताई, हिला खिडकीच नाही. राहिली वाटतं.”

“राहिली नाही,” मी म्हणाले.

“मग?”

“आई म्हणाली, घरातल्या माणसांच्याच पाडायच्या.”

किती सहज आलं ते तोंडातून! दहा आज्ञा मला तोंडपाठ होत्या, संडे स्कूलमध्ये त्यावर बक्षीस मिळालं होतं.

दीना माझ्याकडे बघत राहिली. “आई म्हणाली?”

“मग काय मी म्हणाले? जा, विचार तिला. आत आहे.”

चोर तो चोर वर शिरजोर. पण ती विचारणार नाही हे मला ठाऊक होतं. दहा दिवसांसाठी येणारं पोर घरात काही विचारत नाही. तिने भिंत जागेवर ठेवली, तीन कागद टेबलावर एकाशेजारी एक लावले, निळा मुठीत घेतला आणि म्हणाली, “तोंड धुऊन येते.” तोंड तिने सकाळीच धुतलं होतं.

ती गेली आणि आई आली. हातात अंड्याच्या पांढऱ्यात घोटलेल्या पिठीसाखरेचं भांडं, भिंती जोडायला. तिने मागची भिंत उचलली आणि थांबली.

“कमू, पाचवी खिडकी?”

मला वाटलं, संपलं. पण एक खोटं बोललं की दुसरं आपोआप पायाशी येऊन उभं राहतं. “दीनाला नकोय,” मी म्हणाले. “तिने मला कार्ड टाकलं होतं. आता मोठी झाले, म्हणाली. आणि आत्याचं घरच आपलं वाटतं, असंपण लिहिलं होतं.”

“मला नाही दाखवलंस.”

“तुला वाईट वाटेल म्हणून.”

“कुठे आहे कार्ड?”

“हरवलं.”

आई माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. किती वेळ, सांगता येणार नाही. आत कढईत आत्याने नवा घाणा सोडला त्याचा आवाज आला. मी हलले नाही, डोळेही खाली घातले नाहीत. शेवटी आई म्हणाली, “बरं.” तिने भिंतीच्या कडेला साखर लावली आणि ती कोरी भिंत घराला चिकटवून दाबून धरली.

त्या दुपारी सगळ्यांनी मिळून घर उभं केलं. पप्पांनी छप्पर चढवलं, ते पडू नये म्हणून पाच मिनिटं दोन्ही हातांनी धरून ठेवायचं असे, ते काम नेहमी दीनाचं. तिने धरलं. अमोसने छपरावर रंगीत बडीशेपेच्या गोळ्या लावल्या, लावल्या त्याहून खाल्ल्या जास्त. आत्या म्हणाली, “दीने, आज एवढी गप्प का गं?” दीना म्हणाली, “छप्पर धरलंय ना, बोलले की हलतं.” आत्या हसली. आई हसली नाही. मी एकटीच बडबडत होते, इतकी की पप्पा म्हणाले, “कमळाबाईंना आज काय झालंय?”

चोवीसला संध्याकाळी पप्पांनी मेणबत्ती लावली. हिरवी, लाल, पिवळी, जांभळी. माझी खिडकी पहिल्यांदा दाराशेजारी उजळली, आणि खरंच सगळ्यांत देखणी ती होती. घर अजून टेबलावरच होतं, पप्पा त्याच्याभोवती फिरले. खाली वाकून मागे बघितलं.

“चारच?” त्यांनी विचारलं.

दीना माझ्या शेजारी उभी होती, मूठ आवळून. एक शब्द कुणी बोललं असतं तर सगळं उघडं पडलं असतं.

“चारच,” आई म्हणाली. “या वर्षी चारच.”

दीनाने मान खाली घातली. मी मोठा श्वास सोडला. दीनाने कार्डात लिहिलंय म्हणून आई तिची बाजू सांभाळतेय, असं मला वाटलं. माझं खोटं आता तिच्याच तोंडून आलं होतं आणि दीनाने ते आपल्या कानांनी ऐकलं होतं. याहून पक्का बंदोबस्त मला करताच आला नसता.

नाताळच्या दिवशी उपासनेहून आलो, जेवणं झाली. पप्पांनी अमोसला शेजारी पाठवलं आणि आम्हा सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. आत्या खुर्चीच्या कडेवर बसली होती, जणू आता कुणी उठवेल.

“दीना,” पप्पा म्हणाले, “आत्या लांब चालली आहे, तुला ठाऊक आहे. तुझ्या मनात असेल तर तू आजपासून इथे राहा. हे तुझं घर आहे. आणि आत्याबरोबर जावंसं वाटलं तर तेही सांग. कुणी रागवायचं नाही.”

दीनाने आत्याकडे बघितलं नाही. पप्पांकडेही नाही. ती आईकडे बघत होती. “आई काय म्हणते?” तिने विचारलं.

आईने तोंड उघडलं. मला अजून दिसतं ते. तिच्या मांडीवर दीनाचा स्कार्फ होता, त्याची घडी करत होती ती. तिने माझ्याकडे बघितलं, एकदाच, आणि घडी पुन्हा मोडून पुन्हा घातली.

“तू म्हणशील ते,” आई म्हणाली.

“मग मी आत्याबरोबर जाते,” दीना म्हणाली.

आत्या रडायला लागली. पप्पा उठून अंगणात गेले. आई म्हणाली, “बरं. चहा टाकते सगळ्यांना,” आणि आत गेली. मी तिच्या मागे गेले, कपबशा काढून देते म्हणून. खरं तर मला बघायचं होतं ती रडते का. ती रडत नव्हती. चहात साखर दोनदा घातली, एवढंच.

नवीन वर्षाच्या दिवशी रिवाजाप्रमाणे सुंठीचं घर फोडून खाल्लं. दीनाने, पोट दुखतंय, म्हणून एक तुकडाही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी सुटली. आई त्या वर्षी बाकावर बसली नाही, गाडी वळणाआड जाईपर्यंत उभी राहिली आणि मग माझा हात धरून घरी आली. इतका घट्ट की बोटं दुखली. मी जिंकले होते. आई आता सगळी माझी होती.

पुढच्या डिसेंबरला मी काकवी आणू का विचारलं तर म्हणाली, “यंदा नको, त्रास फार होतो.” मग सुंठीचं घर आमच्याकडे पुन्हा कधीच झालं नाही. पप्पांनी एकदा साचे काढले होते, ते तिने बंबात घातले.

दीना चांद्याकडे शिकली, नर्स झाली, मेट्रन झाली, लग्न केलं. आत्या तिच्याच मांडीवर डोकं ठेवून गेली. दर नाताळला दीना दोन-तीन दिवस नगरला यायची, आईला साडी, मला शाल, अमोसच्या मुलांना खाऊ. दारात थांबून “सलाम आई” म्हणायची. आई “ये गं, बस” म्हणायची. दोघी इतक्या मर्यादेने वागायच्या की बघणाऱ्याने म्हणावं, किती समजूतदार मायलेकी! मी लग्न केलं नाही. शाळेत नोकरी केली, पप्पांचं केलं, मग आईचं केलं. अठ्ठेचाळीस वर्षं मी त्या दोघींच्या मधे बसून चहा ओतला, आणि प्रत्येक नाताळला ठरवलं की या वेळी सांगायचं. आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आई मला काय म्हणेल?

मागच्या नाताळच्या आधी दीनाचा फोन आला. तिची नात बरोबर येणार होती. तिने कुठेतरी चित्र बघितलं होतं आणि तिला असलं घर करायचं होतं. दीना हसत म्हणाली, “ताई, तुला कृती आठवते का गं?”

आई चौऱ्याऐंशी वर्षांची. पलंगावर असते, पण जीभ शाबूत आहे आणि डोकं त्याहून. दुपारी तिला डाळिंबाचे दाणे भरवता भरवता मी एकदम म्हणाले, “आई, तेव्हा दीनाचं कार्ड आलं नव्हतं. मी खोटं बोलले. तिलापण खोटं सांगितलं, की तू म्हणालीस घरातल्यांच्याच खिडक्या पाडायच्या. म्हणून गेली ती. माझ्यामुळे गेली.”

आईने तोंडातले दाणे सावकाश चावले. “कार्ड आलं नव्हतं हे मला तेव्हाच ठाऊक होतं,” ती म्हणाली. “पोस्टमन टपाल माझ्या हातात द्यायचा. दीनाचं एकेक अक्षर मी चारदा वाचून मग तुम्हाला द्यायचे. तिला तू काय सांगितलंस ते नव्हतं ठाऊक. पण तिचं तोंड बघून अंदाज आला होता.”

माझ्या हातातली वाटी कलंडली. “मग बोलली का नाहीस? माझ्या थोबाडीत का नाही मारलीस?”

“मारायला हात शिवशिवत होता. पण मारलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं. मग दीना राहिली असती.”

“तुला ती नको होती?”

“नको?” आईचे डोळे मोठे झाले. “कमे, पोटची पोर आहे ती माझी! दुखणं आलं नसतं तर हातभरसुद्धा लांब केली नसती. सहा वर्षं मी देवाकडे एवढं एकच मागितलं, आणि ती दारात आली तेव्हा तू माझ्यासमोर उभी होतीस. डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलत होतीस. तेराव्या वर्षी! चोरी पकडली गेली तरी पोर पापणी हलवत नाही, तेव्हा आईला काय वाटतं ते तुला नाही कळायचं. मला भीती वाटली गं तुझी. ही त्या गरीब पोरीला इथे सुखाने जेवू देणार नाही. रोज काहीतरी करेल. आणि दीना तोंडातून शब्द काढणार नाही.”

“मग मला का नाही पाठवलंस?” मी म्हणाले. एकसष्ट वर्षांची बाई, पण आवाज कुठून आला कोण जाणे, लहान पोरीचा. “मला पाठवायचं. तिला ठेवायचं.”

“कुठे पाठवणार? असल्या पोरीला कोण पदरात घेतंय?” आई म्हणाली. रागाने नव्हे, बाजारातला भाव सांगावा तसं. “दीनाला कुठेही टाकलं असतं तरी लोकांनी जीव लावला असता. तिला सुवार्ता होती, माझ्यापेक्षा बरी. तुला कोण होतं?”

मग तिने डोळे मिटले आणि म्हणाली, “ती वाटी उचल. डाग पडतील.”

मी वाटी उचलली. दाणे वेचले. चादर बदलली. माझ्या बहिणीचं घर गेलं होतं, आईने आयुष्यभर तोंड मिटून ते सोसलं होतं, आणि हे सगळं मला चादरीच्या घड्या घालताना कळत होतं. तरी खरं सांगते, लपवून काय करायचं या वयात? मला आधी आनंद झाला. दोघींतली एक ठेवायची वेळ आली, तेव्हा आईने मला ठेवलं होतं.

लाज वाटायला संध्याकाळ झाली.